युनियनच्या करारात पगारवाढ कशावर ठरावी : सेवेच्या वर्षांवर की ज्याच्या त्याच्या कामावर?

टूलरूमवाला
आमच्या कारखान्यात नव्या वेतनकराराची बोलणी सुरू आहेत आणि मी वाटाघाटीच्या कमिटीत आहे. आतापर्यंत ग्रेड आणि सेवेची वर्षं या दोनच गोष्टींवर पगार ठरत आला. एकाच ग्रेडमध्ये एकाच वर्षी लागलेल्या दोघांच्या स्लिपा शेजारी ठेवल्या तर ओव्हरटाइम सोडून बाकी आकडे सारखे. या वेळी मॅनेजमेंटचं म्हणणं असं की, वाढीतला एक तृतीयांश हिस्सा व्यक्तिगत कामगिरीवर द्यायचा. मार्क सुपरवायझर देणार, सही डिपार्टमेंटचा मॅनेजर करणार.

गेट मीटिंगमध्ये यावर उभी फूट दिसली. अलीकडे लागलेली पोरं म्हणतात, घेऊन टाका. जुने म्हणतात, या एका कलमासाठी संप करावा लागला तरी चालेल. माझं मत आधीच सांगतो. ज्येष्ठतेचा पाया हलवू नये. पण पोरांची तक्रार खोटी नाही. तेच मशीन, तोच जॉब, तेवढंच प्रॉडक्शन आणि पगार शेजारच्याच्या निम्मा, हे त्यांना कुठल्या तोंडाने समजावायचं?

तुमच्याकडे काय पद्धत आहे, काय अनुभव आले, सविस्तर लिहा. कमिटीपुढे मांडायचं आहे.

रातराणी
ज्येष्ठता. वर्षं मोजायला साहेब लागत नाही, कॅलेंडर पुरतं.

सेटर_मिलिंद
रातराणी, मशीन बंद असतानाही कॅलेंडर पुढे सरकतंच.

मी सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, सेटर आहे. जॉब बदलला की फिक्स्चर चढवायचं, डायल लावून खरं करायचं, टूलचे ऑफसेट घ्यायचे, पहिला पीस काढून क्वालिटीकडे पाठवायचा. तो पास होईपर्यंत मशीन उभं. माझा पहिला पीस बहुतेक वेळा पास होतो, कारण आदल्या दिवशीच ड्रॉइंग बघून मी टूल काढून ठेवतो. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजायला लागला की आवाजावरून कळतं, रिजेक्शन निघायची वाट बघत बसत नाही. शेजारच्या मशीनवरचे गृहस्थ माझ्या कितीतरी आधी लागलेले. त्यांचा जॉब बदलायचा असला की सुपरवायझर हाक मला मारतो. मी जातो, सेट करून देतो, विचारलं तर शिकवतोही. पण पगाराच्या दिवशी यातलं काहीच दिसत नाही. युनियन म्हणते सगळे समान. मग अवघड काम वाटतानाही समान वाटा.

पाना_पक्कड
मिलिंद +१. आमच्याकडे तर चांगलं काम करणाऱ्याला एकच बक्षीस मिळतं, आणखी काम.

जुनं_खोड
मिलिंदभाऊ, तुमचं दुखणं खरं आहे. पण तुम्हाला हाक मारणारा सुपरवायझर उद्या बदलून गेला आणि नवीन आलेल्याशी तुमचं पटलं नाही, तर तेच हात, तोच पहिला पीस, आणि मार्क निम्मे.

युनियन नव्हती तेव्हाचं सांगतो. वाढ बंद पाकिटातून मिळायची आणि पाकीट दुसऱ्याला दाखवायचं नाही अशी सक्त ताकीद असायची. फोरमन मार्कांची यादी पेन्सिलीने लिहायचा. ती वर गेली की बेरीज ठरलेल्या रकमेत बसवायला आकडे खोडून बदलले जायचे. टाइमकीपरने एकदा तो कागद खिडकीशी उजेडात धरून दाखवला. खोडलेले आकडे खाली तसेच उमटलेले दिसत होते. ज्याने प्रेसवर गार्ड नाही म्हणून लेखी तक्रार केली होती, त्याच्या नावासमोरचा आकडा सगळ्यात जास्त उतरलेला. तो माणूस कामात पहिल्या तिघांत होता, हे फोरमनसुद्धा मानायचा.

आम्ही युनियन केली ती पगारासाठी, पण त्याहून जास्त त्या पेन्सिलीसाठी. सेवेची वर्षं हा पगाराचा निकष म्हणून फार हुशारीचा आहे असं माझं म्हणणं नाही. त्यात कुणाला हात घालता येत नाही, एवढा गुण मला पुरतो.

आकडेमोड
दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल असा एक खरा दाखला. अमेरिकेत सेफलाइट नावाची गाड्यांच्या काचा बसवणारी कंपनी आहे. १९९४-९५ च्या सुमारास तिने तासावरचा पगार सोडून काचेमागे पैसे द्यायला सुरुवात केली. एडवर्ड लेझिअर या अर्थशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. माणशी उत्पादन सुमारे ४४ टक्क्यांनी वाढलं. पण यातली साधारण निम्मीच वाढ आहे त्या माणसांनी जास्त काम केल्यामुळे झाली. उरलेली प्रामुख्याने माणसं बदलल्यामुळे. चपळ लोक येत गेले.

मात्र तिथल्या अटीही बघा. कमी काचा बसल्या तरी ठरावीक किमान पगाराची हमी होती. आणि काच चुकीची बसवली तर ज्याने बसवली त्यानेच ती फुकट पुन्हा बसवून द्यायची. म्हणजे काम एकट्याचं, मोजता येणारं आणि दोष कुणाचा ते कळणारं. मिलिंद यांचं सेटिंग थोडंफार तसं आहे. पण कारखान्यातली किती कामं तशी असतात?

सिस्टर_शुभदा
आकडेमोड, तुमचा शेवटचा प्रश्न मी पुढे नेते. मी नर्स आहे. रात्रपाळीला वॉर्डात फेरी मारताना एका आजोबांचा श्वास नेहमीपेक्षा उथळ वाटला. मॉनिटरवर अजून काही नव्हतं. उशी उंच केली, ऑक्सिजन तपासला, रेसिडेंट डॉक्टरला उठवलं. सकाळी आजोबा चहा मागत होते. रजिस्टरात एक ओळ. यात मोजणार काय? जे घडलं नाही त्याला मार्क कसे द्यायचे?

ती ओळखण्याची नजर मला माझ्या सिनिअर सिस्टरने दिली, शेजारी उभं करून. तिची आणि माझी वाढ एकमेकींच्या मार्कांवर ठरत असती तर तिने मला इतक्या मनापासून शिकवलं असतं? माणूस म्हणून कदाचित हो. पण व्यवस्थेने तिच्या वाटेत धोंड ठेवलीच असती.

सेटर_मिलिंद
सिस्टर, तुमचं पटतं. पण मग त्या सिनिअर सिस्टरच्या शिकवण्याचेच पैसे द्या ना. नजर न कमावलेल्या, तेवढीच वर्षं झालेल्या दुसऱ्या सिस्टरला तेवढीच वाढ का?

एचआरवाली_मीरा
मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, तरी लिहिते. चांगला माणूस राजीनामा घेऊन येतो तेव्हा माझ्या हातात द्यायला काही नसतं. करार सांगतो, या ग्रेडला एवढेच. तो जातो, आणि ज्यांना बाहेर कुणी विचारत नाही ते राहतात. हेही युनियनचंच नुकसान आहे.

जुनं_खोड काकांची पेन्सिल मी आजच्या रूपातही पाहिली आहे. तिला आता बेल कर्व्ह म्हणतात. दहाजण चांगले असले तरी एकाला तळाला ढकलायचंच. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही सक्तीची क्रमवारी बंद केली, तरी कितीतरी ठिकाणी ती अजून चालते. माझा अनुभव असा की बरेच सुपरवायझर भांडण नको म्हणून सगळ्यांना चार-साडेचार मार्क देतात, आणि मग वरून कुणीतरी ते ओढून-ताणून वक्रात बसवतं. ज्याने माणसाचं काम पाहिलेलंच नाही तो आकडा ठरवतो. माझा मेरिटला विरोध नाही. पण मार्क द्यायला न शिकवता मार्क द्यायला लावू नका, हे मी आमच्या साहेबांनाही सांगते.

रातराणी
बँकेत टार्गेटपायी काय होतं ते वेल्स फार्गोने २०१६ मध्ये जगाला दाखवलं. ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली गेली. सुमारे ५,३०० कर्मचारी नोकरीवरून गेले, त्यातले पुष्कळ खालच्या पायरीवरचे. टार्गेट ठरवणारे वर होते.

सेटर_मिलिंद
रातराणी, बँकेच्या टार्गेटचा आणि माझ्या पहिल्या पीसचा काय संबंध? मायक्रोमीटर खोटं बोलत नाही.

रातराणी
मायक्रोमीटर नाही बोलत. पण कुठला जॉब तुम्हाला द्यायचा आणि कुठला शेजारच्याला, ते कोण ठरवतं? सोपा जॉब, नवं मशीन, ताजे इन्सर्ट मिळाले की मार्कही सोपे.

सेटर_मिलिंद
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. जुन्या लेथवर घातलं तर माझंही रिजेक्शन वाढेल.

खडूफळा
शिक्षकांचं उदाहरण हवंच. अमेरिकेत डेन्व्हर शहरात प्रोकॉम्प नावाची पद्धत आली. ती शिक्षकांच्या युनियनने आणि शाळा प्रशासनाने मिळून आखली होती. २००५ मध्ये तिच्यासाठी वाढीव कर द्यायला मतदारांनी मंजुरी दिली. मूळ पगार आणि त्यावर वेगवेगळे बोनस : अवघड शाळेत शिकवलं, मुलांची प्रगती दिसली, टंचाईचा विषय शिकवला, वगैरे. सगळ्यांचा हेतू चांगला होता. २०१९ च्या फेब्रुवारीत तिथले शिक्षक तीन दिवस संपावर गेले. मोठी तक्रार हीच की पुढच्या वर्षी हातात किती येणार ते सांगता येत नाही. बोनस कमी-जास्त होतो, सूत्र समजत नाही, घरासाठी कर्ज काढायचं तर कुठला आकडा लिहायचा? शेवटी जास्त पैसा मूळ पगारात आणि सरळ वाचता येईल अशा तक्त्यात गेला.

टूलरूमवाले, तुमच्या कमिटीला मी हेच विचारेन. तो एक तृतीयांश हिस्सा बेसिकमध्ये धरला जाणार की दर वर्षी नव्याने मिळवायचा? पहिल्या वर्षीचा आनंद बघून सही करू नका.

टूलरूमवाला
खडूफळा, फार मोलाचा प्रश्न. मसुद्यात ‘व्हेरिएबल’ असा शब्द आहे. म्हणजे बेसिकमध्ये नाही. पीएफ, ग्रॅच्युइटीवरही परिणाम होणार.

जुनं_खोड
मग ही वाढच नव्हे. बक्षीस आहे, आणि ते काढून घेता येतं.

रनवे_२७
विमान कंपन्यांतली पद्धत सांगतो. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत वैमानिकाचा पगार विमानाचा प्रकार, कॅप्टन की फर्स्ट ऑफिसर, आणि सेवेची वर्षं यावर ठरतो. कोणती फेरी, कोणती सुटी, कोणतं विमान, सगळं ज्येष्ठतेच्या यादीने. कंपनी बदलली की अनुभवी कॅप्टनसुद्धा नव्या यादीत तळाला. हे अन्यायाचं वाटतं, आणि काही वेळा असतंच. पण धुकं असताना उतरायचं की दुसऱ्या विमानतळावर जायचं, हा निर्णय घेताना कॅप्टनच्या डोक्यात बोनस नसतो. प्रवाशाला हेच हवं.

चेंडूफळी
उलट टोकाचं उदाहरण, पण तेही युनियनचंच. अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंच्या युनियनने १९६८ मध्ये पहिला सामूहिक करार केला. त्यात किमान पगार ६,००० डॉलरवरून १०,००० डॉलर झाला. किमान युनियन ठरवते, त्यावरचं ज्याचं त्याने मिळवायचं. हॉलीवूडच्या कलाकारांच्या युनियनचंही असंच. किमान दर करारात, नामवंत त्याच्या कितीतरी वर घेतो आणि तरी सभासद राहतो. म्हणजे युनियन म्हटली की ज्येष्ठताच हवी, असा काही नियम नाही.

पाना_पक्कड
चेंडूफळी, खेळाडूचा स्कोअर सगळ्या स्टेडियमला दिसतो. माझं ग्रीसिंग मशीनला तेवढं कळतं :)

आकडेमोड
पाना_पक्कड, यात फार महत्त्वाचं बोललात. तिथे मोजमाप सगळ्यांसमोर उघडं असतं आणि सौद्यात खेळाडूपुढे एकापेक्षा जास्त संघ असू शकतात. कारखान्यात सौदा करायला एकच साहेब.

अमेरिकेत हा वाद संसदेपर्यंत गेला आहे. १९३५ च्या वॅगनर कायद्याप्रमाणे बहुमताने निवडलेली युनियन सगळ्यांच्या वतीने पगार ठरवते. करार परवानगी देत नसेल तर मालकाला परस्पर एकाला जास्त देता येत नाही. करारातला पगार ही खालची मर्यादा धरावी, वर द्यायला मालक मोकळा असावा, असं विधेयक २०१२ मध्ये सिनेटर मार्को रुबियो यांनी मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही. ऐकायला गोड वाटतं, कुणाला जास्त मिळालं तर बिघडलं कुठे? पण ज्याला वाढवायचा अधिकार एकट्याकडे, त्याच्याकडे न वाढवण्याचाही. युनियनच्या मागे उभं राहणाऱ्याला काहीच न देण्याची सोय आपोआप होते.

नलिनी_क
ज्येष्ठता निष्पक्ष, निष्पक्ष असं सगळे म्हणताहेत, म्हणून एक बाजू मांडते. मूल झाल्यावर मी नोकरी सोडली, नंतर त्याच कंपनीत परत आले. सेवा पुन्हा शून्यापासून. काम तेच, हात तेच, पण माझ्याबरोबर लागलेले पुरुष सहकारी दोन ग्रेड पुढे. बाळंतपण, आजारी सासू, नवऱ्याची बदली, हे सगळं बाईच्याच कॅलेंडरमध्ये येतं. रातराणीताई, तुमच्या कॅलेंडरलाही माणसंच पानं लावतात.

आणि मेरिट आलं तर माझं भलं होईल, असंही नाही. ‘उशिरापर्यंत थांबत नाही’ म्हणून माझे मार्क कापले गेलेले मी पाहिले आहेत, काम वेळेत संपवूनसुद्धा. मला दोन्हीकडून एकच हवं आहे. निकष लिहिलेला असावा, आणि तो माझ्यावर लावताना कारण सांगावं. आणि तुटलेली सेवा जोडून धरायचं कलम करारात असावं.

रातराणी
नलिनीताई, हे मनापासून मान्य. सेवा जोडण्याचं कलम आम्हीही मागू.

कंत्राटी_एक
तुम्ही सगळे कायम लोक वाटणीवर भांडताय. आमच्याकडे ना ज्येष्ठता ना मेरिट. कंत्राट बदललं की हजेरी नव्याने सुरू. तुमच्या करारात आमच्यासाठी एक ओळ असते का?

टूलरूमवाला
कंत्राटी_एक, आमच्या मागणीपत्रात आहे. ती ओळ बोलणीत शेवटपर्यंत टिकावी यासाठी भांडतो आहे.

पट्टेवाला_बेल्ट
यावर अमेरिकेतल्या मोटार कामगारांचा इतिहास बोलका आहे. १९५० च्या जनरल मोटर्सच्या करारात महागाईनुसार वाढ आणि उत्पादकतेतला वाटा सगळ्यांना मिळाला, वर्षानुवर्षं त्यावर गाडा चालला. २००७ मध्ये त्याच युनियनने नव्या भरतीसाठी कमी पगाराची वेगळी पायरी मान्य केली. जुन्यांचं राखलं, नव्यांचं गेलं. एकाच लाइनवर, एकाच गाडीला बोल्ट लावणारे दोघं, दोन दरांनी. २०२३ च्या संपात वरच्या दराला पोचायचा काळ आठ वर्षांवरून तीन वर्षांवर आणला, तेव्हा कुठे ती जखम भरायला लागली.

टूलरूमवाले, तुमच्या पोरांचा राग मेरिटसाठी आहे की लांबलचक पायऱ्यांसाठी, ते आधी तपासा. काम तीन वर्षांत येत असेल आणि पूर्ण दर वीस वर्षांनी मिळत असेल, तर मधल्या वर्षांत तुम्ही त्याला काय सांगणार?

सेटर_मिलिंद
पट्टेवाला_बेल्ट, माझ्या मनातलं लिहिलंत. मला शेजारच्यापेक्षा जास्त नकोच आहे. जे काम करतो त्याचा पूर्ण दर म्हातारा व्हायच्या आत मिळावा, एवढंच.

जुनं_खोड
मिलिंदभाऊ, हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतं तर आपलं भांडणच झालं नसतं. यासाठी मी तुमच्या शेजारी गेटवर बसेन.

वाचनमात्र_नाही
तीन पानं झाली. धाग्यालाच आता एक इन्क्रिमेंट द्या.

आकडेमोड
जपानचं राहिलं. तिथली वयाप्रमाणे पगाराची पद्धत म्हणजे जुनी संस्कृती, असं नेहमी सांगितलं जातं. तिचा मोठा आधार प्रत्यक्षात १९४६ चा वीज कामगारांचा लढा आहे. युद्धानंतरची उपासमार होती, आणि युनियननेच मागितलं की पगाराचा मोठा भाग वय आणि घरातली माणसं बघून ठरवा. लक्षात घ्या, कौशल्याचा एक लहान हिस्सा त्यातही होता. पुढे १९९३ मध्ये फुजित्सू या कॉम्प्युटर कंपनीने निकालावर पगार आणला. लोक गाठता येतील अशी सोपी उद्दिष्टं लिहायला लागले, आणि कंपनीला पद्धत बदलावी लागली.

दूरदेशी
मी जर्मनीत मेटल कारखान्यात आहे. इथे आयजी मेटल युनियन आणि मालकांची संघटना यांच्या करारात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या केल्या आहेत. आधी कामाची पातळी : या कामाला ज्ञान किती लागतं, जबाबदारी किती, यावर मूळ पगार. तो कामाचा असतो, माणसाचा नाही. त्यावर कामगिरीचा भत्ता. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याच्या २००३ च्या करारात या भत्त्याची कारखान्यातली सरासरी मूळ पगाराच्या १५ टक्के ठरवून दिली आहे.

ही सरासरीची अट सगळ्यात महत्त्वाची. साहेबाने सगळ्यांना कमी मार्क दिले म्हणून कंपनीचे पैसे वाचत नाहीत, कारण एकूण रक्कम बांधलेली. मग मार्क कापण्यात कुणाचा स्वार्थ उरत नाही. आणि मार्क पटले नाहीत तर हरकत घेता येते, ती दोन्ही बाजूंच्या माणसांपुढे जाते.

एचआरवाली_मीरा
दूरदेशी, हे सोनं आहे. आमच्याकडे भांडण नेमकं तिथेच होतं, न वाटलेली रक्कम परत तिजोरीत जाते.

टूलरूमवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. कमिटीपुढे मी हे नेणार आहे, चुकत असेल तर आत्ताच सांगा. ज्येष्ठतेची वाढ राहील, पण पूर्ण दराला पोचायच्या पायऱ्या कमी, आणि ज्या ग्रेडला काम शिकायला जेवढा काळ लागतो तेवढ्याच. सेटिंग करणाऱ्याला सेटरची ग्रेड, मग त्याची वर्षं कितीही असोत. नव्याला शिकवणाऱ्याला वेगळा भत्ता. सुपरवायझरच्या मार्कांवरचा एक तृतीयांश आम्ही नाकारतो. मॅनेजमेंट अडूनच बसली तर लहान हिस्सा, बेसिकमध्ये धरलेला, एकूण रक्कम आधी ठरलेली आणि पूर्ण वाटायची, मार्क लेखी आणि शाईने, हरकत ऐकायला दोन्हीकडची माणसं. तुटलेली सेवा जोडायची. कंत्राटी कामगारांची ओळ जशीच्या तशी.

सेटर_मिलिंद
सेटरची ग्रेड कोण देणार? तिथे पुन्हा तोच सुपरवायझर नको.

जुनं_खोड
ट्रेड टेस्ट ठेवा. ड्रॉइंग चिठ्ठी काढून, मशीन चिठ्ठी काढून, पीसवर नाव नाही, नुसता नंबर. तपासायला क्वालिटीचा एक आणि युनियनचा एक. नापास झाला तर सहा महिन्यांनी पुन्हा बसू द्या.

नलिनी_क
आणि टेस्टची तारीख रजेवर असलेल्यांनाही कळवायची, हे लेखी घ्या.

टूलरूमवाला
दोन्ही घेतले. मिलिंद, टेस्टला कुठले जॉब ठेवावेत याची यादी तुम्ही करून द्याल का? बोलणी सोमवारी आहेत.

सेटर_मिलिंद
आज रात्रीच पाठवतो. शेजारच्या गृहस्थांनाही बरोबर बसवतो, जुन्या लेथवरचे जॉब त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.